पालथं निजण्याआधी

माझी बायको सगुणा गेल्याचं मला कळलं तेव्हा मी पालथा पडलो होतो. माझगावला आमच्या चाळीच्या मागे नळाजवळ एक फरशी आहे. तिच्यावर गोणपाट अंथरून हिरामण न्हावी रविवारी गोदीतल्या माणसांची अंगं चोळायचा. हिरामण घाटावरचा. हात चांगला होता, पण त्याचे नियम फार. आदल्या रात्री हलकं जेवायचं, सकाळी पोटात काही नको, चहासुद्धा नको. कढत पाण्याने अंघोळ करून यायचं, कारण घामावर तेल मुरत नाही. करगोटा, ताईत, सगळं सोडून ठेवायचं. कुठे दुखतं ते आधी सांगायचं आणि मग तोंड बंद ठेवायचं. आणि त्याने एकदा हात लावला की पुरतं झाल्याशिवाय उठायचं नाही. हे शेवटचं तो प्रत्येकाला बजावायचा. निम्मं अंग सुटलेलं आणि निम्मं आवळलेलं घेऊन माणूस उठला, तर जन्मभर एका बाजूला कलून चालतो, असं त्याचं म्हणणं. "आमच्या गल्लीतला मुकादम बघा," तो सांगायचा, "मधेच उठला, बायको माहेराहून आली म्हणून. आता बायको सरळ चालती न् हा खेकड्यासारखा." माणसं हसायची आणि पडून राहायची. त्या रविवारी मी सगळे नियम पाळले होते. गुरुवारी गावचा एक माणूस भेटून सांगून गेला होता की सगुणाला ताप आहे, सवड झाली तर ये. ताप गावात दर घरात असतो. मी म्हटलं, पुढच्या रविवारी जाऊ. हा रविवार अंगाला देऊ. आठवडाभर कापसाच्या गठ्ठ्यांनी पाठ धरली होती. अशी पाठ घेऊन बोटीने रेवसला उतरून अडीच कोस चालणं व्हायचं नाही, असंही मनाशी म्हटलं. म्हणजे जायचं म्हणूनच अंग चोळून घेतो आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

पाठ झाली, खांदे झाले, डावा पाय झाला. उजवा गाल गोणपाटावर टेकलेला होता, आणि डोळ्यांना जमिनीपासून वीतभर उंचीचंच दिसत होतं. नळाखालचं शेवाळ, हिरामणची तेलाची वाटी, एक मांजर. तिथे पाय येऊन उभे राहिले. धुळीने भरलेले, रुंद, अंगठे बाकीच्या बोटांपासून लांब सरकलेले, डाव्या टाचेची भेग मेणाने बुजवलेली. वर बघायची मला गरज नव्हती. ते पाय आमच्या गावातल्या निम्म्या पुरुषांनी जमिनीच्या उंचीवरून पाहिलेले आहेत. तुळशीराम पायाळू. आईच्या पोटातून आधी पाय बाहेर आले ते पायाळू, आणि अशा माणसाचा पाय कमरेला तीनदा लागला की उसण उतरते असं आमच्याकडे मानतात. वाकताना कुणाची कंबर धरली, उठता येईना, की तुळशीरामाला बोलावतात. तो येतो, पाय लावतो, जातो. माझ्या घरापासून तिसरं घर त्याचं. तो मुंबईत कधी आलेला नव्हता.

हिरामणला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने हात न थांबवता विचारलं, "पाव्हणं, लांबून आल्यासारखं दिसताय. पाणी घ्या." तुळशीराम म्हणाला, "नको." हिरामण म्हणाला, "मग बसा तरी." तो म्हणाला, "उभाच बरा हाय." आमच्याकडे मरणाचा सांगावा घेऊन आलेला माणूस, सांगून होईपर्यंत कुणाच्या दारी पाणी घेत नाही आणि बसत नाही. मला ते कळलं. 'नको' म्हणाला तेव्हाच कळलं. घरात मरण्यासारखं आजारी दुसरं कुणी नव्हतं. मग तो म्हणाला, "रावजी, वैनी जरा जास्त हाय. उठ. तीनची बोट गाठू." जास्त आहे असंच म्हणतात. गेली असं कुणी रस्त्यावर उभं राहून म्हणत नाही. मी तोंड न उचलता म्हणालो, "थांब जरा. एक पाय राहिलाय."

मी असं का म्हणालो याचा विचार मी पुष्कळ केला आहे. कधी वाटतं, मी पडून होतो तोवर ती गेलेली नव्हती. उठलो असतो तर तोंडाकडे बघावं लागलं असतं आणि मग त्याने सांगितलं असतं. हे खरं आहे, पण एवढंच खरं नाही. हे कुणाला सांगितलं तर तो मान हलवील, म्हणेल, माणसाचं असंच होतं. दुसरं जे आहे ते मी सांगू शकत नाही, म्हणून ते लिहितो. हिरामणचा हात त्या वेळी मांडीवरून पोटरीवर उतरत होता आणि मला बरं वाटत होतं. शिमग्यानंतर माझ्या अंगाला कुणाचा हात लागला नव्हता. गोदीत माणसं एकमेकांना धक्के मारतात ते वेगळं. तेल कोमट होतं, त्यात कापूर होता. माझी बायको मेली हे मला कळलेलं होतं, ते पायही समोर होते, आणि माझी पोटरी सुखावत होती. दोन्ही एका वेळेला. मला वाटलं, हे पुरतं होऊ दे. हिरामण म्हणाला, "पाव्हणं, ह्यांची पोटरी बघा, निव्वळ लाकूड. आज मऊ करून देतो." तुळशीरामचा एक पाय दुसऱ्या पायावर चढला आणि उतरला. तो सकाळी गावाहून रेवसपर्यंत चालला होता, धक्क्यापासून चाळ विचारत विचारत आला होता, आणि पाणी प्यायला नव्हता. तो उन्हात उभा राहिला आणि मी सावलीत पडून राहिलो. हिरामणने पाय संपवला, तळवा चोळला, बोटं एकेक ओढून वाजवली. पाची बोटं. मग म्हणाला, "हां, आता उठा सावकाश." मी सावकाश उठलो.

चाळीच्या कोपऱ्यावर तुळशीरामने मला सांगितलं, "गेली रं. पहाटेच." मी म्हणालो, "हां." मग आम्ही पळालो. पळताना माझी पाठ आणि पाय फार छान चालत होते, हे मला जाणवलं आणि मी जोरात पळालो, ते जाणवू नये म्हणून. धक्क्यावर पोचलो तेव्हा बोटीची फळी काढलेली होती. दोर सोडला होता. बोट आणि धक्का यांच्यात आधी हातभर पाणी होतं, आम्ही पायऱ्या उतरेपर्यंत पाच-सहा हात झालं. बोटीतली माणसं आमच्याकडे बघत होती. तुळशीराम ओरडला, "मयत हाय घरात. थांबा." सारंगाने हात हलवला, म्हणजे आता होत नाही. पुढची बोट दुसऱ्या दिवशी सकाळी. तुळशीराम पायरीवर बसला. मग उठून नळावर गेला आणि पुष्कळ वेळ पाणी पीत राहिला, कारण आता त्याने सांगितलेलं होतं. परत आला तेव्हा त्याची दाढी ओली होती. तो म्हणाला, "ठेवतील ते. तिन्हीसांजेपर्यंत ठेवतील." मी म्हणालो, "उन्हाळा हाय." तो म्हणाला, "व्हय, उन्हाळा हाय." आम्ही रात्र धक्क्यावरच काढली. उशिराबद्दल तो काही बोलला नाही. मी वाट बघत होतो की तो बोलेल. तो बोलला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, आणि त्या उत्तराने थोडं हलकं झालं असतं.

गावात पोचलो तेव्हा सगळं झालेलं होतं. माझा भाऊ नामा, त्याने अग्नी दिला. मला मुलगा नाही, एक जनी, ती तेव्हा तेरा वर्षांची. नामाने सांगितलं की जनीने आईचं तोंड झाकू दिलं नाही. तीनची बोट पाचला रेवसला लागते आणि तिथून माणूस चालत येतो, याचा तिने हिशेब धरला होता. दिवसभर बापाची वाट बघत माश्या वारत बसली. कुणी म्हणालं की झाका, की म्हणायची, "बा येईल, त्याला बघू दे." ऊन खाली आलं तरी ती बांधाकडे बघत होती. शेवटी बायजाने तिचा हात धरून तिला उठवलं. बायजा म्हणजे आमच्या गावची सुईण, जनीही तिच्याच हातावर झालेली. हे नामाने मला अंगणात सांगितलं तेव्हा चार माणसं जमलेली होती, बायका ओटीवर होत्या, आणि जनी दाराशी उभी राहून ऐकत होती. मग नामाने विचारलं, "पण उशीर का झाला? तुळशीराम सकाळच्या बोटीने गेला. तीनची बोट मिळायला हवी होती." मी म्हणालो, "चुकली." हे खोटं नव्हतं. सगळ्यांनी तुळशीरामाकडे पाहिलं. तो म्हणाला, "व्हय. डोळ्यांदेखत सुटली." त्यानेही खोटं सांगितलं नाही. तो माझ्याकडे बघत नव्हता. मी अजून काही बोलेन म्हणून तो थोडा थांबला, असं मला वाटलं. मी टोपी काढली आणि परत घातली. मग ओटीवरची एक बाई म्हणाली, "पयल्यांदा मुंबई बघितली ना. ट्राम बघत उभे राहिले असतील." कुणीतरी म्हणालं, "चहा प्यायला असंल." तुळशीरामची बायको रंगू तिथेच होती. तिला लाज वाटली असावी, लाज वाटली की ती बडबडते. ती म्हणाली, "आमच्या ह्यांना मिठाला धाडलं तर हळद घेऊन येतात. मी म्हटलंच होतं, दुसऱ्या कुणाला धाडा." दोन बायका हसल्या, मयताच्या घरात हसतात तेवढंच. जनी हसली नाही. ती तुळशीरामकडे बघत होती. असं ठरलं ते. कुणी ठरवलं नाही, पण एका घटकेत ठरून गेलं की तुळशीरामने उशीर केला, आणि त्यामुळे सगुणाचं तोंड नवऱ्याला बघायला मिळालं नाही.

सुतकात अंगाला तेल लावत नाहीत. आणि मी तेलाने माखून सुतकात आलो होतो. विहिरीवर मी माती लावून अंग घासलं, राख लावली, पण तेल मुरलेलं होतं. हिरामणचा हातच तसा. दुसऱ्या दिवशी सकाळी जनी माझ्यासमोर पेज ठेवायला वाकली आणि थांबली. म्हणाली, "बा, तुज्या अंगाला तेलाचा वास येतोय." मी म्हणालो, "गोदीतल्या यंत्राचं हाय. जात न्हाय लवकर." ती म्हणाली, "कापराचा पण येतोय." मी पेजेत बघत राहिलो. ती काही विचारायला म्हणून बोलली नव्हती. तिचा माझ्यावर विश्वास होता. यंत्राला कापूर लावत असतील असं तिला वाटलं असेल. पण त्यानंतर ती जवळ आली की मी अंग चोरून बसू लागलो, आणि ती समजली की बाला दुःख फार झालंय, म्हणून ती आणखी जवळ येऊन बसायची.

सगुणा माझं अंग चोळून द्यायला नेहमी तयार असे. गणपतीला किंवा शिमग्याला मी घरी आलो की म्हणायची, "पाठ द्या इकडे, किती आवळलीय." मी देत नसे. घरात नामा होता, त्याची बायको होती, एका खोलीचं घर. बायको नवऱ्याची पाठ चोळत बसली आहे हे दुसऱ्यांनी बघावं, हे मला आवडत नसे. ती म्हणायची, "मुंबईत परका माणूस चोळतो ते चालतं?" मी म्हणायचो, "तो न्हावी हाय, त्याचं कामच ते." एकदा, जनी चार-पाच वर्षांची असताना, भाताच्या आवणीला मी गावी आलो होतो, तेव्हा सगुणा शेतावरून आली. दिवसभर वाकून तिची कंबर धरली होती. घरात त्या वेळी आम्ही तिघंच होतो. ती भिंतीला पाठ लावून बसली, आणि मला म्हणाली, "जरा दाबता का? इथे." तिने हात मागे नेऊन जागा दाखवली. असं तिने कधी मागितलेलं नव्हतं. ती हसतही होती, म्हणजे नाही म्हटलं तर हसण्यावारी नेता यावं म्हणून. मी जनीला हाक मारली. म्हटलं, "जने, आयशीच्या कंबरेवर उभी रहा." आमच्याकडे मुलांना पाठीवर उभं करतात. जनी उभी राहिली, पाय घसरून पडली, दोघी हसल्या. मी बाहेर जाऊन ओटीवर बसलो. तेवढंच. त्यात कुणाचं काही मोडलं नाही. पण तेराव्याच्या आत, पेज पिताना, मला ती दाखवलेली जागा आठवायची. पाठीच्या मणक्याच्या डाव्या अंगाला, चार बोटं. माझ्या कंबरेत हिरामण जिथे अंगठा खुपसायचा तीच जागा. हिरामणला मी ती जागा नीट सांगायचो. थोडं वर, थोडं आत, हां, तिथेच.

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवायला मी वाकलो. ठेवला, आणि उठता येईना. कंबरेत कुणी पाचर मारावी तसं झालं. तोंडातून आवाज निघाला. पिंडाला कावळा लगेच शिवला, ते सगळ्यांनी बघितलं आणि बरं म्हटलं. मी वाकलेलाच होतो. नामाने आणि आणखी एकाने मला धरून घरी आणलं. बारावा, तेरावा मी वळकटीला टेकून काढला. माणसं म्हणाली, दुःख कंबरेत उतरलं. मला बरं वाटलं, त्यांनी तसं म्हटलं म्हणून, आणि मग बरं वाटल्याची लाज वाटली. तेरावा झाल्यावर सुतक फिटलं आणि बायजा तेल घेऊन आली. लसूण, ओवा घालून कढवलेलं करंजेल. तिने अंगठ्याने दोन-तीन जागा दाबल्या आणि हात काढून घेतला. "ही चोळून जायची न्हाय," ती म्हणाली. "ही उसण हाय. हिच्यावर तेल लावलं तर घट्ट बसेल. तुळशीरामला बोलाव." जनी चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "त्याला न्हाय बोलवायचं." बायजा म्हणाली, "मग काय? बा असाच पडू दे? गोदीत गठ्ठे कोण उचलील, तू?" जनी म्हणाली, "दुसरा कुणी असंल." बायजा म्हणाली, "पायाळू काय झाडाला लागतात? मी उभ्या जन्मात शंभर पोरं काढली, त्यात पायाकडून आलेली तीन. एक मेलं, एक चौलला दिली, राहिला हा." मग जनी माझ्याकडे बघून म्हणाली, "बा, तुला चालंल? त्याचा पाय?" तिला वाटत होतं की मी नाही म्हणेन. मी म्हणालो, "चालंल."

त्याचीही तयारी असते. बायजाने जनीला सगळं सांगितलं आणि मी पडल्या पडल्या ऐकत होतो. रात्री जेवायचं नाही. सकाळी उन्हं अंगणात यायच्या आत करायचं. कढत पाण्याने अंग धुवायचं, अंगावर दोरा, ताईत, करगोटा काही ठेवायचं नाही. उंबऱ्याच्या आत पाय आणि बाहेर डोकं असं पालथं निजायचं, खाली काही अंथरायचं नाही. पायाळू माणसाला घरातल्याच माणसाने उपाशीपोटी जाऊन बोलवायचं. आणि ज्याला उसण आहे त्याने तिसरा पाय लागेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, पायाळूनेही नाही. झाल्यावर त्याला काही द्यायचं नाही, बरं केलंस असंही म्हणायचं नाही. तो मागे न बघता जातो. मी ऐकत होतो आणि मला वाटलं, हे सगळं मी केलेलं आहे. रिकामं पोट, कढत पाणी, सोडलेला करगोटा, बंद तोंड. माणसाला पालथं निजायचं असतं तेव्हा सगळीकडे हेच सांगतात.

सकाळी जनीने मागल्या दारी पाणी तापवलं. मला सरळ बसता येत नव्हतं, तिने मला धरून दगडावर बसवलं आणि पाठीवर पाणी ओतलं. माझा हात मागे जात नव्हता म्हणून करगोट्याची गाठ तिने सोडली. गाठ जुनी होती, तेलाने आणि घामाने घट्ट झालेली. ती बराच वेळ नखांनी उकलत राहिली आणि मी लहान मुलासारखा बसून होतो. तिचे हात गार होते. ती म्हणाली, "आय असती तर तिनं सोडली असती." मग म्हणाली, "आय तुजी वाट बघत होती. शेवटच्या दिवशी तिला कळत नव्हतं, पण वाट बघत होती. मी सांगितलं, येतोय." मी बोलायला तोंड उघडलं. आता सांगू, असं माझ्या मनात होतं. तुळशीराम वेळेवर आला होता, एवढं एकच वाक्य. पुढचं ती विचारील आणि मी सांगेन. पण ती माझ्या पाठीमागे होती, मला तिचं तोंड दिसत नव्हतं, आणि मला ते बरं वाटलं, आणि बरं वाटतंय म्हणून मला वाटलं की असं पाठ करून सांगू नये, समोर बसवून सांगावं. मग ती समोर आली. ओले हात पुसले आणि म्हणाली, "जाते बोलवायला." मी म्हणालो, "पाणी पिऊन जा." ती म्हणाली, "उपाशी जायचं ना बा," आणि गेली.

बायजाने मला उंबऱ्यावर निजवलं. गाल शेणाने सारवलेल्या जमिनीवर. उंबरा कमरेखाली रुतत होता. जमिनीपासून वीतभर उंचीचं अंगण दिसत होतं. आधी जनीचे पाय आले, भराभरा. त्यांच्या मागे थोडं अंतर ठेवून ते दुसरे. टाचेतलं मेण गेलेलं होतं, भेग उघडी होती. ते माझ्या कुशीजवळ येऊन थांबले. जनीला न बोलण्याचा नियम नव्हता. ती म्हणाली, "आज बरा वेळेवर आलास काका." बायजा म्हणाली, "गप गं." जनी म्हणाली, "का गप? मधे ट्राम नव्हती म्हणून आला." तुळशीराम बोलू शकत नव्हता. तो बोललाही नसता. त्याचे पाय जमिनीवर होते तसेच राहिले, फक्त अंगठे थोडे आत वळले. माझं तोंड त्यांच्यापासून हातभर लांब होतं. मी बोलू शकत होतो. नियम मोडला असता, उसण राहिली असती, आणखी आठ दिवसांनी पुन्हा केलं असतं. तेवढंच झालं असतं. मला हे त्या वेळीही नीट कळत होतं. मी मनात म्हटलं, तीन पाय लागू देत, मग बोलतो. आणि तोंड मिटून पडून राहिलो.

पहिल्यांदा त्याचा पाय लागला तो अगदी हलका. खडबडीत, गार, अंगणातली माती लागलेला. दुसऱ्यांदा थोडा जास्त. तिसऱ्यांदा त्याने पाय ठेवला आणि भार दिला. तो पाय त्याच जागी आला होता, डाव्या अंगाला, चार बोटं. आत कुठेतरी काहीतरी सरकलं आणि सुटलं. मला रडू यायला हवं होतं, पण मला पुन्हा बरं वाटलं. तेच बरं वाटणं. ते अंगाला समजतच नाही की ते कुठे आहे आणि कुणाच्या पायाखाली आहे. त्याने पाय काढला. नियमाप्रमाणे त्याने लगेच वळायला हवं होतं. तो वळला नाही. एक श्वास, दोन श्वास उभा राहिला. तिसरा पाय लागून गेला होता, आता मला बोलायला बंदी नव्हती आणि त्याला ते माहीत होतं. मग ते पाय वळले आणि सावकाश अंगणातून गेले. बायजा म्हणाली, "उठ बघू." मी उठलो. कंबर मोकळी झाली होती. मी ताठ उभा राहिलो तेव्हा तो बांधापाशी पोचला होता. त्याची पाठ दिसत होती. जनीने तांब्या आणला, तो उभा होता तिथे पाणी ओतलं आणि शेणाचा हात फिरवला, विटाळ पुसावा तसा. बायजा माझ्याकडे बघत होती. तिला काही कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी करगोटा बांधत होतो. गाठ मारायला मला वेळ लागत होता.

मुंबईला परत निघालो तेव्हा तुळशीराम बांधावर भेटला. डोक्यावर गवताचा भारा होता, त्याखालून तो म्हणाला, "कंबर कशी हाय?" मी म्हणालो, "बरी हाय." आम्ही दोघं थोडं चाललो. तो म्हणाला, "पोरगी ल्हान हाय. मी आलो तेव्हा बोलली ते मनात धरू नको. तिला रागावू नको." म्हणजे तिला मी रागावलो असेन, असं त्याला वाटत होतं. त्याच्यासाठी मी तिला बोललो असेन, असं त्याने धरलं होतं. मी म्हणालो, "मी सांगतो तिला." तो म्हणाला, "सांगशील तवा सांग. घाई न्हाय." वाट फुटली तिथे तो शेताकडे उतरला. बोटीत मी रेवस लांब जाताना बघत बसलो आणि पत्रात काय लिहायचं ते ठरवलं. जनीला वाचता येत नव्हतं. पत्र मास्तरांकडून वाचून घ्यावं लागलं असतं, आणि मग ते गावाला कळलं असतं. ते पत्र मी लिहिलं नाही.

गोदीत आणखी सात वर्षं गठ्ठे उचलले. हिरामणकडे मी परत गेलो नाही. त्याने एकदा नळावर अडवून विचारलं, "काय रागावलात? पाय तर पुरता केला होता ना?" मी म्हणालो, "पुरता केला होता." जनीचं लग्न मी दोन वर्षांनी केलं, तळे गावी दिली. अक्षत कुणाकुणाच्या घरी न्यायची ते ती आणि नामाची बायको बसून ठरवत होत्या. तिसऱ्या घराचं, तुळशीरामचं, नाव आलं तेव्हा जनी म्हणाली, "तिथं न्हाय." नामाची बायको माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "पोरीच्या मनात नसंल तर राहू दे." लग्नाच्या दिवशी रंगू तिच्या ओटीवर बसून वाजंत्री ऐकत होती. तुळशीराम सकाळीच रानात गेला होता. गावात अजून कुणाचं काही उशिरा झालं की त्याच्या नावाने हसतात. तोही हसतो. आता त्याचे पाय सुजतात, फार चालवत नाही. जनी गौरीला माहेरी येते, दोन मुलं घेऊन, आणि त्याच्या घरावरून जाताना मान फिरवते. मुलांना हाताने ओढून पलीकडच्या बाजूला घेते. मला ती माझ्या ओटीवरून दिसते. तुळशीराम त्या दिवशी वेळेवर आला होता, उशीर मी केला, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.